कातर आणि टाका

ज्या समाजात सोवळ्यातल्या माणसाला शिवलेले वस्त्र अंगावर ठेवण्याची मुभा नव्हती, ज्या समाजात पुरुषाचे धोतर-उपरणे आणि स्त्रीचे नऊवारी लुगडे मागावरून उतरले की नेसण्यास सिद्ध होई, त्या समाजात सुईला काम ते किती आणि प्रतिष्ठा ती कोणती असणार, असा प्रश्न कोणाच्याही मनात सहज उद्भवेल. परंतु ऋग्वेदातील ऋषी राका देवतेला न तुटणाऱ्या सुईने आपले कर्म शिवावे अशी प्रार्थना करतो, वात्स्यायन चौसष्ट कलांच्या गणनेत सूचीवानकर्माचा अंतर्भाव करतो, अमरकोशात शिंप्यासाठी तुन्नवाय आणि सौचिक अशी दोन नावे येतात, आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत बेतून शिवलेल्या चोळ्या व अंगरखे घातलेले सेवक-सेविका आजही पाहावयास मिळतात. तेव्हा या भूमीत न शिवलेल्या वस्त्राचा मान मोठा असला, तरी सुईची परंपराही तितकीच जुनी आहे, हे मान्य करावे लागते.

महाराष्ट्रापुरते पाहिले, तर या परंपरेचे दोन प्रवाह शतकानुशतके एकमेकांशेजारून वाहत आले असे दिसते. पहिला प्रवाह शिंप्याचा. तो नव्या, अखंड कापडावर कातर चालवी, मापाने बेती आणि बेतलेले तुकडे सांधून त्यांना देहाचा आकार देई. दुसरा प्रवाह घरच्या बायकांचा. त्यांच्या हाती कातर क्वचितच येई. जीर्ण झालेले, विरलेले, फाटलेले वस्त्र जोडून त्याला पुन्हा उपयोगी करणे हे त्यांचे काम. पहिल्या विद्येला उदीम म्हणून मान्यता होती; दुसरीला कोणी विद्याही म्हटले नाही. आज जे हौसेने शिवणकाम शिकू पाहतात, त्यांनी हे दोन्ही वारसे ओळखून घ्यावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

शिंप्याच्या व्यवसायाला मराठी मनात जे स्थान आहे, त्याचे मोठे श्रेय संत नामदेवांना द्यावे लागते. इसवी सन १२७० मध्ये शिंपी कुळात जन्मलेल्या या भक्तश्रेष्ठाने आपल्या धंद्यातील सुई, दोरा, कातर आणि गज ही साधने अभंगवाणीत आणली आणि त्यांना नामस्मरणाचा अर्थ दिला. पुढे पंजाबात त्यांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. गावगाड्यात मात्र शिंप्याचे स्थान बेताचेच राहिले. बलुतेदारांच्या खालोखाल जे अलुतेदार गणले जात, त्यांच्या यादीत त्याचे नाव आढळते. आणि हे स्वाभाविकच होते, कारण नांगर, मोट किंवा मडके यांवाचून कुणब्याचे जसे अडे, तसे शिवलेल्या कपड्यावाचून अडत नसे. बंडी, बाराबंदी, लहान मुलाची कुंची आणि बायकांची चोळी एवढ्यावर गावच्या शिंप्याचा चरितार्थ चाले.

राजदरबारी मात्र चित्र निराळे होते. शिवछत्रपतींच्या राज्यव्यवस्थेतील अठरा कारखान्यांत वस्त्रांचा जामदारखाना आणि तंबू-बिछायतींचा फरासखाना ही दोन स्वतंत्र खाती होती. मोहिमेवर निघालेल्या लष्कराचे डेरे, राहुट्या, कनाती हा सारा सुई-दोऱ्याचाच पसारा. पराक्रम गाजविणाऱ्या सरदारास पोशाख देऊन गौरविण्याची चाल होती, आणि राजघराण्यातील स्त्रियांच्या खर्चासाठी चोळी-बांगडीच्या नावाने गावे व नेमणुका लावून दिल्या जात. शिवलेल्या वस्त्राने अशा रीतीने दप्तरातही जागा मिळविली होती.

शिंप्याच्या कौशल्याची परीक्षा पाहावयाची तर ती खणाच्या चोळीत पाहावी. गुळेदगुड्डसारख्या गावांतून येणारा खण अरुंद पन्ह्याचा, दोन्ही कडांना काठ असलेला. एवढ्याशा तुकड्यात पाठ, पुढचे दोन भाग आणि बाह्या बसवावयाच्या. काठ बरोबर दंडावर यावा अशी बाही धरावयाची. काखेत ताण पडू नये म्हणून तेथे निराळा तुकडा सांधावयाचा. आणि गाठीसाठी पुढची टोके पुरेशी लांब राखावयाची. एवढे करून कापडाची जी चिंधी उरे ती बोटभरही नसे. कागदावर आकृती न काढता, वितीने आणि बोटांनी माप घेऊन हा हिशेब जमविणाऱ्या शिंप्याला भूमितीचे ज्ञान नव्हते असे कोण म्हणेल?

आता दुसऱ्या प्रवाहाकडे वळू. नऊवारी लुगडे मध्ये विरले की ते आडवे फाडून, विरलेला भाग काढून टाकून, उरलेल्या दोन तुकड्यांना दंड घालीत. दंड घातलेले लुगडेही झिजले की त्याचे परकर, दुपटी, झबली होत. तान्ह्या बाळाला नव्या कापडाचा कडकपणा सोसत नाही, म्हणून आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे झबले ही रीतच होती. आणि यातूनही जे उरे त्याची गोधडी, कोठे वाकळ. पावसाळ्याच्या आधी उन्हात वाळविलेली जुनी लुगडी, धोतरे ओसरीवर एकावर एक अंथरावयाची. सर्वांत धड असलेले वस्त्र वर आणि खाली, विरलेले तुकडे मध्ये. सुरकुती राहू नये म्हणून तळहाताने थर सारखे करावयाचे आणि लांब कच्च्या टाक्यांनी ते टाचून ठेवावयाचे. मग एका कडेपासून धावदोऱ्याला आरंभ होई. कोपरा आला की ओळ वळे, आणि चौकोनात चौकोन करीत टाके मध्यापर्यंत पोहोचत. शेजारणी चारी बाजूंना बसून एकीच्या घरची गोधडी पुरी करीत आणि मग दुसरीच्या घरी जात. टाका एकच, धावदोरा, सर्व टाक्यांत सोपा. पण तो सर्व थरांतून आरपार जावा आणि ओळीतले अंतर सारखे राहावे यासाठी हात वर्षानुवर्षे तयार व्हावा लागे. या विद्येचा कोणताही कागद दप्तरात नाही. ती एका पिढीच्या हातून दुसरीच्या हाती गेली, एवढाच तिचा इतिहास.

या दोन प्रवाहांचा संगम घडवून आणला तो यंत्राने आणि शाळेने. फ्रान्समध्ये तिमोनिये याने १८३० साली शिवणयंत्राचा हक्क मिळविला, तेव्हा पोट जाईल या धास्तीने पॅरिसच्या शिंप्यांनी त्याची यंत्रे मोडून टाकली. पुढे १८४६ मध्ये अमेरिकेत इलायस हाऊ याने आणि १८५१ मध्ये आयझॅक सिंगर याने आपापल्या यंत्रांचे हक्क नोंदविले. सुईचे नाक माथ्यावरून टोकाशी आणणे, आणि वरच्या दोऱ्याच्या फासातून शटलचा खालचा दोरा ओवून प्रत्येक टाका जागच्या जागी आवळणे, या दोन कल्पनांवर हे सारे यंत्र उभे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात सिंगरची यंत्रे मुंबईत येऊ लागली. हप्त्याने यंत्र देण्याच्या कंपनीच्या रिवाजामुळे बेताच्या ऐपतीच्या शिंप्यालाही ते घेता येऊ लागले, आणि दसऱ्याला हत्यारांच्या पूजेत सुई-कातरीच्या जोडीला झेंडूची माळ घातलेले मशीनही आले. यंत्रयुगाचे कडवे टीकाकार असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना सिंगरच्या मशीनचा अपवाद केला, कारण मनुष्याचे श्रम हलके करण्याच्या प्रेमळ हेतूतून ते जन्मले असे त्यांना वाटले. १९३५ च्या सुमारास कलकत्त्यात उषा मशीन तयार होऊ लागले, आणि त्यानंतर हातमशीन किंवा पायमशीन ही मध्यमवर्गीय घरातील एक वस्तू होण्यास फार काळ लागला नाही.

परंतु यंत्र घरात येणे निराळे आणि त्यावर बसण्याचा आत्मविश्वास येणे निराळे. तो आत्मविश्वास देण्याचे कार्य स्त्रीशिक्षणाच्या संस्थांनी केले. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात अनाथ व विधवा स्त्रियांना ज्या उद्योगांचे शिक्षण मिळे त्यांत शिवण होते; रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने शिवण-भरतकामाचे वर्ग चालविले. ज्या विधवेला घरात आश्रिताचे जिणे होते, तिच्या हाती बेतण्याची कला आणि मशीन आले, म्हणजे तिच्या हाती स्वतःची मिळकत आली. शिंप्याची कातर आणि गृहिणीचा टाका येथे प्रथमच एका हातात आले. पुढे गावोगावी शिवणाचे वर्ग निघाले, आणि मुंबईच्या झारापकरांच्या पद्धतीसारख्या बेतकामाच्या पुस्तकांनी, पूर्वी शिंप्याच्या बोटांत दडलेला हिशेब छातीच्या मापाच्या अपूर्णांकांत मांडून सर्वांना खुला केला.

आज तयार कपड्यांच्या सुकाळात शिवणकाम ही बव्हंशी हौस उरली आहे, आणि हौस म्हणून ती वाढावी यात मला आनंदच आहे. मात्र नवशिके बहुधा एकदम मशीन विकत घेतात, नवे कापड कातरून बसतात आणि पहिला झगा बिघडला की नाउमेद होतात. त्यांनी आरंभ हातशिलाईने करावा असे मी आग्रहाने म्हणेन. मांजरपाटाच्या वीतभर तुकड्यावर धावदोरा, टीप, हेम आणि काजे एवढे चार प्रकार हातात बसवावेत. मग घरातील दोन जुन्या साड्यांची लहानशी दुपटी शिवावी. टाका चुकला तर तेथे काही नासत नाही, आणि कापडाचा आडवा-उभा धागा, त्याची ओढ, त्याचा लवचिकपणा बोटांना समजतो. त्यानंतर मापाची पट्टी, खडू आणि कातर हाती घ्यावी. या क्रमाने जो शिकेल त्याला कापडाची किंमत आधी कळेल आणि कापण्याचा अधिकार मागाहून मिळेल. पूर्वीच्या गृहिणीजवळ आणि पूर्वीच्या शिंप्याजवळ जी समज होती, ती दोन्ही बाजूंनी त्याच्या हाती येईल. आपल्या शाळांतूनही मुलगे आणि मुली अशा दोघांना हा क्रम शिकविला जावा, कारण आपल्या अंगावरचे वस्त्र दुरुस्त करता येणे हा सुशिक्षिततेचाच एक भाग आहे.