असईची स्मृति

वृद्ध सेनापतीच्या मनांत आपली कोणती लढाई घर करून राहते, हा प्रश्न वरवर दिसतो तितका किरकोळ नाहीं. ड्यूक ऑफ वेलिंग्टन यास एका परिचितानें, रणांगणांत आपल्या हातून घडलेली सर्वांत उत्तम कामगिरी कोणती, असें विचारलें. वाटर्लूचें नांव ऐकावयास सिद्ध झालेल्या त्या गृहस्थास क्षणभर स्तब्धतेनंतर एकच शब्द मिळाला : असई. त्यावर ड्यूकनें आणखी अक्षरहि उच्चारलें नाहीं.

ही असई आपल्या मराठवाड्यांतली, आजच्या जालना जिल्ह्यांतली. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं तेथें वेलिंग्टन, तेव्हांचा मेजर-जनरल आर्थर वेलस्ली, शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेवर अचानक येऊन आदळला. वय अवघें चौतीस वर्षांचें. पेशव्यांचे व म्हैसूरचे स्वार वगळले तर त्याच्यापाशीं सुमारें साडेचार हजार माणसें होतीं. पलीकडे पोलमान या हानोव्हरी सरदाराच्या हाताखालील कवायती कंपू, बेगम समरूच्या पलटणी आणि तोफांची लांबच लांब रांग. वाटाडे शपथेवर सांगत होते कीं केळणा नदीस जवळपास उतार नाहीं. वेलस्लीनें दोन्ही तीरांवर समोरासमोर वसलेलीं पिंपळगाव व वरूड हीं खेडीं दुर्बिणींतून पाहिलीं, आणि इतक्या जवळच्या दोन गांवांत येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे, असें अनुमान बांधलें. उतार सांपडला. नदींत असतांनाच त्याच्या शेजारच्या स्वाराचें डोकें तोफेच्या गोळ्यानें उडालें.

एवढ्यानें जय मिळाला नाहीं. पोलमाननें आपली सारी फळी चटकन् फिरवून नव्या दिशेस उभी केली. एतद्देशीय फौजांकडून अशी सफाई वेलस्लीस अपेक्षित नव्हती. इंग्रजांच्या उजव्या बगलेवरील टोळी वाट चुकून थेट असई गांवाकडे गेली, तिच्यामागोमाग ७४ वी पलटण गेली, आणि दोघींची तेथें दाणादाण उडाली. मराठ्यांचे गोलंदाज तोफांपाशीं संगिनींनीं भोसकले जाईपर्यंत हलले नाहींत. कित्येक मेल्याचें सोंग करून पडून राहिले आणि शत्रु पुढें जातांच उठून त्याच्या पाठीवर तोफा डागूं लागले. दिवस सरला तेव्हां शंभराच्या आसपास तोफा इंग्रजांच्या हातीं आल्या होत्या. पण त्यांचीं दीड हजारांहून अधिक माणसें मेलीं किंवा जखमी झालीं होतीं. इतकें नुकसान पुन्हां पाहावयास नको, मग लाभ कितीहि होवो, अशा अर्थाचें त्यानेंच पुढें लिहिलें. टॉमस मन्रोनें आक्षेप घेतला तेव्हां १ नोव्हेंबरला त्यास लांब पत्र पाठवून सर्व हकीकत समजावून देणें त्यास भाग पडलें. त्या वर्षाच्या डिसेंबरांत देवगांव व सुर्जी-अंजनगांव येथें तह झाले.

वाटर्लूस तो पुन्हां गेला. १८२१ सालीं चौथ्या जॉर्ज राजास तें रणक्षेत्र दाखवावयाचें होतें. राजा सर्व कांहीं मुकाट्यानें पाहत होता. लॉर्ड अँग्लसी याचा तुटलेला पाय जेथें पुरला ती जागा दाखवितांच मात्र तो रडूं लागला, अशी हकीकत ड्यूकच सांगे. पुढें त्या मैदानाची माती खरडून सिंहाची टेकडी उभारण्यांत आली. ती १८२६ सालीं पुरी झाली. आपलें रणक्षेत्रच बदलून टाकलें, अशी तक्रार त्यानें केल्याची आख्यायिका आहे. असईस मात्र तो परत आला नाहीं. १८०५ सालीं त्यानें हिंदुस्थान सोडलें तें कायमचें.

मग तिचीच आठवण अग्रस्थानीं कां? माझ्या मतें कारण उघड आहे. वाटर्लूचें श्रेय प्रशियन सेनेबरोबर वांटून घ्यावें लागे. केळणेच्या उताराचें अनुमान आणि त्याची किंमत हीं दोन्ही सर्वस्वीं त्याचीं होतीं.

मद्रासी शिपायांस असा प्रश्न कोणी विचारला नाहीं, मग शिंद्यांच्या गोलंदाजांची कथा काय! १८५१ सालीं या जुन्या लढायांसाठीं पदक मंजूर झालें. असईस तेव्हां अठ्ठेचाळीस वर्षें लोटलीं होतीं. जे हयात होते आणि ज्यांनीं अर्ज केला त्यांनाच तें मिळालें. त्यांत हिंदी शिपाई फारच थोडे होते.