ऑक्सिजन आणि ओझोन : एका भेदाच्या आकलनाचा इतिहास

प्रस्तावना :
ऑक्सिजन व ओझोन हे दोन्ही वायू एकाच मूलद्रव्याचे बनलेले आहेत. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, तर ओझोनच्या रेणूत तीन. शालेय पाठ्यपुस्तकात एका वाक्यात सांगितला जाणारा हा भेद निश्चित होण्यास एकोणिसाव्या शतकातील जवळजवळ तीन दशके लागली. पदार्थ सापडणे आणि त्याचे स्वरूप उमगणे या दोन भिन्न घटना असतात, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.

नावे आणि गैरसमज :
इ.स. १७७४ मध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी पाऱ्याचे भस्म तापवून ऑक्सिजन मिळविला. लव्हाझिए यांनी त्यास 'आम्ल निर्माण करणारा' या अर्थाचे नाव दिले. सर्व आम्लांत हा वायू असतो, ही त्यांची धारणा पुढे चुकीची ठरली. नाव मात्र टिकले. मराठीतील 'प्राणवायू' हा शब्द त्याच्या कार्यावरून आला आहे.

ओझोनची ओळख प्रथम गंधाने झाली. १७८५ मध्ये हॉलंडमधील व्हॅन मारुम यांना विद्युतयंत्राजवळ विशिष्ट वास जाणवला. तो त्यांनी विजेचाच मानला. १८३९ मध्ये बाझेल येथील प्राध्यापक शोनबाइन यांना पाण्याच्या विद्युत अपघटनात तोच वास आढळला. हा स्वतंत्र पदार्थ असल्याचे ओळखून त्यांनी १८४० मध्ये 'वास येणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास 'ओझोन' हे नाव दिले. परंतु त्याच्या घटकांविषयीचे त्यांचे तर्क चुकले. काही काळ त्यांनी तो हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे संयुग मानला.

भेदाचा उलगडा :
१८४५ मध्ये जिनिव्हा येथील द ला रीव्ह व मारिन्याक यांनी शुद्ध, कोरड्या ऑक्सिजनमधून विजेच्या ठिणग्या सोडून ओझोन मिळविला. १८५६ मध्ये बेलफास्ट येथील टॉमस अँड्रूज यांनी ओझोनच्या विघटनातून पाणी निर्माण होत नसल्याचे दाखविले. अर्थात त्यात हायड्रोजन नव्हता. मग एकाच द्रव्याचे दोन वायू भिन्न कशामुळे, हा प्रश्न उरला. १८६० मध्ये अँड्रूज व टेट यांना ऑक्सिजनचा ओझोन होताना आकारमान घटत असल्याचे आढळले.

त्याच वर्षी कार्ल्सरूह येथील परिषदेत कॅनिझारो यांनी अणू व रेणू यांतील भेद स्पष्टपणे मांडला. ही संकल्पना रुजल्याशिवाय आकारमानातील घटीचा अर्थ लागणे कठीण होते. १८६५ मध्ये सोरे यांनी ओझोनमिश्रित ऑक्सिजनवर दोन प्रयोग केले. टर्पेंटाइनने ओझोन शोषला जाऊन होणारी आकारमानातील घट ही उष्णतेने ओझोनचा ऑक्सिजन होताना होणाऱ्या वाढीच्या दुप्पट भरली. म्हणजेच दोन भाग ओझोनपासून तीन भाग ऑक्सिजन मिळतो. ओझोनची घनता ऑक्सिजनच्या दीडपट असून त्याच्या रेणूत तीन अणू आहेत. १८६७ मध्ये वायूंच्या विसरणाच्या प्रयोगांनी या निष्कर्षास पुष्टी मिळाली.

निष्कर्ष :
घटक समान असूनही रचनेमुळे गुणधर्म पालटतात, हे या संशोधनाचे सार होय. तथापि ओझोन म्हणजे अधिक शुद्ध व आरोग्यदायी हवा, ही एकोणिसाव्या शतकात रूढ झालेली समजूत पूर्णपणे नाहीशी झालेली नाही. वास्तविक जमिनीलगतचा ओझोन फुप्फुसांना अपायकारक असतो, तर स्थितांबरातील तोच ओझोन सूर्याच्या अतिनील किरणांपासून जीवसृष्टीचे रक्षण करतो. महाविद्यालयीन अध्यापनात केवळ रेणुसूत्र सांगितल्याने ही समजूत दूर होत नाही. त्या सूत्रापर्यंत पोहोचताना झालेल्या चुका व त्यांची दुरुस्ती विद्यार्थ्यांसमोर ठेवल्यास एका अणूच्या फरकाचे महत्त्व त्यांना खऱ्या अर्थाने आकळेल.