नॅनो

टाटा मोटर्सची चार दारांची छोटी शहरी मोटार. १० जानेवारी २००८ रोजी नवी दिल्लीतील वाहन प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली. मार्च २००९ मध्ये ती बाजारात आणल्याची औपचारिक घोषणा झाली. एका स्कूटरवर दाटीवाटीने जाणारे कुटुंब पाहून टाटा समूहाचे तेव्हाचे अध्यक्ष रतन टाटा यांना ती सुचली. कर व वाहतूकखर्च वगळून तिची सुरुवातीची किंमत १ लाख रुपये होती. प्रकल्पाची धुरा गिरीश वाघ यांच्याकडे होती.

नॅनोचे बहुतेक गुणदोष मागे बसवलेल्या इंजिनातून निघतात. ६२४ घ. सें.मी.चे, दोन सिलिंडरांचे हे इंजिन मागच्या आसनाखाली गेल्याने जेमतेम ३.१ मी. लांबीच्या गाडीत चार मोठी माणसे पाय अवघडल्याशिवाय बसतात. छत उंच असल्याने गुडघेदुखीच्या माणसालाही चढणे-उतरणे सोपे जाते. वळणत्रिज्या सुमारे ४ मी. असल्यामुळे पेठांमधल्या बोळांत ती सहज वळते. या कामात तिच्या तोडीच्या गाड्या फार थोड्या.

याच रचनेमुळे डिकी नावापुरती राहिली. मागचे दार २०१५ पर्यंत उघडतच नव्हते. सामान आसन पाडून आतून ठेवावे लागे. पेट्रोल भरायला पुढचे बॉनेट उघडावे लागे आणि टाकी अवघी १५ लिटरची होती. इंजिनाची थरथर व आवाज मागे बसणाऱ्यांना जाणवे. पॉवर स्टिअरिंग २०१४ मध्ये मिळाले. अरुंद चाकांची ही हलकी, उंच गाडी महामार्गासाठी नव्हेच.

सर्वांत गंभीर उणीव सुरक्षिततेची. २०१४ च्या ग्लोबल एनकॅप धडक-चाचणीत तिला प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी शून्य तारे मिळाले, एअरबॅग नव्हत्याच. पाऊस आणि धूळ यांपासून कुटुंबाला आडोसा मिळाला, पण धडकेपासून पुरेसा नाही. काटकसर इथे नको होती.

२०१० च्या सुमारास काही गाड्यांनी पेट घेतल्याने विश्वास डळमळला. त्याआधी ऑक्टोबर २००८ मध्ये पश्चिम बंगालमधील सिंगूर सोडून कारखाना गुजरातेत साणंदला हलवावा लागला होता. त्यात उत्पादनाचा मोलाचा काळ गेला. ‘सर्वांत स्वस्त’ ही ओळखही नडली. पहिली गाडी घेणाऱ्याला ती चारचौघांत मिरवायची असते. स्वस्तपणाचा शिक्का त्याला नकोसा वाटला. तशी जाहिरात होणे ही चूक होती, असे रतन टाटांनीही पुढे मान्य केले. २०१५ च्या आवृत्तीत उघडणारी डिकी, २४ लिटरची टाकी व स्वयंचलित गिअर आले, तोवर वरच्या प्रकारांची किंमत अडीच लाखांपुढे गेली होती. २०१८ मध्ये उत्पादन जवळपास थांबले.