200 दिवसांची रेषा आणि दोन वीज कंपन्या

आजच्या भागाला निमित्त माझे काका. निवृत्तीचे पैसे हातात आलेत, आणि त्यातले थोडे एखाद्या वीज कंपनीच्या शेअरमध्ये टाकून डिव्हिडंडवर घरखर्च भागवायचा असा त्यांचा बेत आहे. परवा फोनवर म्हणाले, "अरे, भाव 200 दिवसांच्या रेषेच्या वर आलाय. आता घ्यायला हरकत नाही ना?"

मी "हो" म्हणणारच होतो, पण थांबलो. ही रेषा वीज कंपन्यांच्या बाबतीत कधी खरी ठरली आणि कधी नाही, याच्या दोन जुन्या गोष्टी मला माहीत होत्या. दोन्ही अमेरिकेतल्या. आज त्याच सांगतो. (मी सल्लागार नाही, कोड लिहिणारा माणूस आहे, हे ध्यानात असू द्या.)

आधी रेषा म्हणजे काय ते बघू. शेवटच्या 200 व्यवहाराच्या दिवसांचे बंद भाव घ्यायचे, बेरीज करायची, 200 ने भागायचं. दुसऱ्या दिवशी नवा भाव आत, सगळ्यात जुना बाहेर. म्हणून 'मूव्हिंग' ॲव्हरेज, चलत सरासरी. संख्याशास्त्रात ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच होती. शेअर बाजारात तिला लोकप्रिय करणाऱ्यांत मोठं नाव जोसेफ ग्रॅनव्हिल यांचं. 1960 च्या त्यांच्या पुस्तकात 200 दिवसांच्या सरासरीवरून खरेदी-विक्री कधी करायची याचे आठ नियम आहेत. तेव्हा हे गणित हाताने व्हायचं, बरं का. 200 दिवस म्हणजे साधारण 40 आठवडे, म्हणून बरेच जण फक्त आठवड्याचा शेवटचा भाव धरून काम भागवायचे. आज आपण मोबाईलवर एक टिचकी मारतो आणि रेषा येते. ती कशाची बनलीय हे मात्र बघायचं राहून जातं.

तर पहिली गोष्ट. न्यूयॉर्क शहराला वीज देणारी कंपनी, कन्सॉलिडेटेड एडिसन. लोक तिला कॉन एड म्हणतात. वॉल स्ट्रीटवर अशा शेअर्सना 'विधवा आणि अनाथांचे शेअर' म्हणायचे, कारण ज्यांना दुसरं उत्पन्न नाही त्यांनी ते घ्यावेत अशी समजूत होती. वीज काय, सगळ्यांना लागतेच. दर सरकारी आयोग ठरवतो. 1885 पासून या कंपनीचा डिव्हिडंड एकदाही चुकला नव्हता. म्हणजे माझ्या काकांसारखीच हजारो माणसं तिथे भागधारक होती.

23 एप्रिल 1974 ला कंपनीने जाहीर केलं की या तिमाहीत डिव्हिडंड नाही. 89 वर्षांत पहिल्यांदा. आदल्या दिवशी 18 डॉलरच्या आसपास असलेला शेअर धाडकन कोसळला आणि त्याच वर्षी दहा डॉलरच्याही खाली गेला. एकाच कंपनीने एक तिमाही डिव्हिडंड चुकवला, आणि देशभरातल्या वीज कंपन्यांचे शेअर पडले.

कारणं साधी होती. हवा स्वच्छ राहावी म्हणून कंपनी कोळशावरून कमी गंधकाच्या तेलाकडे वळली होती. 1973 च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. बिलं वाढली, तसं लोकांनी दिवे कमी केले आणि विक्री घटली. केंद्रं, तारा, कर्जावरचं व्याज, हा खर्च मात्र जिथल्या तिथे. शेवटी बांधकाम चालू असलेली दोन वीजकेंद्रं राज्याच्या वीज प्राधिकरणाला विकून कंपनीने जीव वाचवला.

आता आपल्या रेषेकडे येऊ. 23 एप्रिलची बातमी आकाशातून पडली असं तेव्हा अनेकांना वाटलं. पण जरा मागे जाऊन बघा. डाऊ जोन्सचा वीज-गॅस कंपन्यांचा निर्देशांक एप्रिल 1965 मध्ये 163 वर होता. सप्टेंबर 1974 मध्ये तो 58 च्या खाली गेला. साडेनऊ वर्षांची उतरण! मधे, 1970 च्या तळानंतर, एक चांगली उसळी आली, आणि त्या उसळीत रेषा बघून शिरलेले लोक नक्कीच फसले असतील. पण एकूण दिशा खालचीच. या काळात अमेरिकी सरकारच्या दहा वर्षांच्या रोख्यांचं व्याज साडेचार टक्क्यांच्या खालून आठ टक्क्यांच्या जवळ गेलं. ज्या शेअरचं मुख्य आकर्षण डिव्हिडंड, त्याची तुलना लोक रोख्यांशीच करणार. शिवाय नवं केंद्र जुन्यापेक्षा स्वस्त वीज देतं हे जुनं गणित साठीच्या दशकाच्या शेवटी मोडलं. ही सगळी झीज हळूहळू होत होती, आणि हळू होणारी झीज लांब सरासरीत नेमकी दिसते. इथे रेषेला मी पूर्ण गुण देतो. 'सुरक्षित शेअर आहे, पडला तरी काय' असं म्हणणाऱ्यांपेक्षा ती जास्त शहाणी निघाली.

इथेच थांबलो असतो तर काकांना सांगितलं असतं, घ्या बिनधास्त.

दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियाची. कंपनी पीजी अँड ई. ऑक्टोबर 2017 मध्ये तिच्या भागात मोठे वणवे लागले. तिथला कायदा असा की कंपनीच्या उपकरणामुळे आग लागली तर निष्काळजीपणा नसला तरी नुकसानभरपाई तिच्यावर येऊ शकते. साधारण 70 डॉलरला असलेला शेअर घसरला, डिसेंबरमध्ये डिव्हिडंड थांबला. मग 2018 भर भाव हळूहळू सावरला. सप्टेंबर 2018 मध्ये राज्याने नवा कायदा केला. 2017 च्या आगींच्या भरपाईचा बोजा कंपनीला ग्राहकांवर पसरवता यावा अशी सोय त्यात होती, आणि 2019 पासूनच्या आगींसाठी नवे निकष. नीट ऐका: 2017 आहे, 2019 आहे. 2018 नाही.

7 नोव्हेंबर 2018 ला शेअर 48 डॉलरच्या जरासा खाली बंद झाला. 200 दिवसांच्या सरासरीच्या चांगला वर. ग्रॅनव्हिलचे नियम लावा, नाहीतर कुठलंही ॲप उघडा, चित्र छानच होतं.

8 नोव्हेंबरच्या सकाळी कॅम्प फायर लागली. पॅरडाइज नावाचं गाव जवळजवळ पूर्ण जळालं. 85 माणसं गेली. 15 नोव्हेंबरला शेअर 17.74 डॉलरवर बंद झाला. म्हणजे सहा व्यवहारांत साठ टक्क्यांहून जास्त साफ.

आणि सरासरी? हिशेब करू. समजा 40 डॉलरचा जुना भाव बाहेर गेला आणि 18 चा नवा आत आला. फरक 22, भागिले 200. अकरा सेंट. भाव तीस डॉलर खाली आणि रेषा दिवसाला अकरा सेंटने हलतेय. भाव रेषेच्या खाली गेल्याची खूण मिळाली हो, पण ती मिळेपर्यंत विकायला फारसं उरलं नव्हतं. 29 जानेवारी 2019 ला कंपनीने दिवाळखोरी मागितली.

आग कशामुळे लागली होती? एका उच्चदाबाच्या वाहिनीच्या मनोऱ्यावरचा लोखंडी आकडा झिजून तुटला. जवळपास शंभर वर्षांचा जुना आकडा. तो झिजत होता तेव्हा त्याची नोंद भावात होत नव्हती, कारण बाजारातल्या कोणी तो पाहिलाच नव्हता. सरासरी भावांची असते. भावात जे आलंच नाही ते 200 दिवस काय, 2000 दिवस घेऊनही दिसणार नाही. मला स्वतःला हे पचायला वेळ लागला. डेटा जास्त घेतला की उत्तर जास्त बरोबर, ही आमच्या धंद्यातली सवय.

जाता जाता एक तांत्रिक मुद्दा, कारण यात मी स्वतः आपटलोय. डिव्हिडंड देणाऱ्या शेअरच्या भावांच्या दोन मालिका मिळतात. एक कच्ची, दुसरी डिव्हिडंड वजा करून जुने भाव खाली आणलेली. समजा शेअर वर्षाला पाच टक्के डिव्हिडंड देतो आणि भाव चार वर्षं 100 लाच आहे. कच्च्या मालिकेत रेषा सपाट, भाव तिच्याभोवती घुटमळतोय, रोज नवी खूण. दुसऱ्या मालिकेत तीच कंपनी चढणीवर, भाव रेषेच्या वर. मी एकदा चुकून एका मालिकेचा भाव दुसऱ्या मालिकेच्या सरासरीशी ताडून बघितला आणि स्वतःच्या हुशारीवर तासभर खूश होतो. ज्या कंपनीत डिव्हिडंड नाममात्र असतो, तिथे हा फरक छोटा. वीज कंपनीत मोठा, कारण तिथे परताव्याचा बराच भाग डिव्हिडंडमधूनच येतो. तुमचं ॲप कुठली मालिका दाखवतं, ते सेटिंगमध्ये जाऊन बघा.

काकांना मी हे सगळं सांगितलं. रेषा बघा, पण तिच्यासोबत दोन कागदही वाचा: कंपनीच्या कर्जाचा आकडा, आणि वीज नियामक आयोगाचा शेवटचा दर-आदेश. आपल्याकडे या आदेशांची पीडीएफ आयोगाच्या साइटवर फुकट मिळते. वाचायला कंटाळवाणी असते, हे खरं.

त्यांनी विचारलं, त्या दोन कंपन्यांचं पुढे काय झालं? कॉन एडने 1974 सालीच पुन्हा डिव्हिडंड सुरू केला, आणि जानेवारी 2024 मध्ये सलग पन्नासाव्या वर्षी तो वाढवला. पीजी अँड ई जुलै 2020 मध्ये दिवाळखोरीतून बाहेर आली. तिने 2023 च्या शेवटी डिव्हिडंड पुन्हा जाहीर केला, शेअरमागे एक सेंट.