नौकेचें गुप्त छिद्र

म्हैसूरचे शामशास्त्री यांनीं इ. स. १९०९ मध्यें कौटिलीय अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें. त्यांतील नावध्यक्षाच्या प्रकरणांत एक शब्द येतो, त्याचा विचार आम्हांस येथें कर्तव्य आहे. तो शब्द 'असंस्कृता', म्हणजे डागडुजी न केलेली नौका. माणसें वा सामग्री अपुरी असलेली किंवा अशी असंस्कृत नौका संकटांत सांपडल्यास जें नष्ट होईल तें नावध्यक्षानें भरून द्यावें, असा नियम आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांतील दृष्टि निराळी. नावाड्यांच्या अपराधानें झालेली हानि नावाड्यांनीं वांटणीनें भरावी; दैविक आपत्तींत त्यांस दंड नाहीं. मनु अपराध पाहतो, कौटिल्य नौकेची स्थिति पाहतो. परंतु आंत दडलेली, कोणासही न दिसलेली चीर कोणाच्या माथीं?

हाच पेंच इंग्लंडांत विम्याच्या निमित्तानें उभा राहिला. 'इंचमरी' नांवाच्या आगबोटीवर बॉयलरांत पाणी चढवीत असतां एक झडप बंद राहिली, पाणी मागें सारलें गेलें आणि पंपाची हवेची कोठी फुटली. विमेवाल्यांनीं पैसे नाकारले. १८८७ मध्यें हाउस ऑफ लॉर्ड्सनें ठरविलें कीं, ही समुद्राची आपत्ति नव्हे. असा पंप जमिनीवरही फुटला असता. गंमत अशी कीं, त्याच मालकांच्या दुसऱ्या बोटीवर उंदरांनीं नळी कुरतडल्यामुळें समुद्राचें पाणी शिरून तांदूळ भिजला, ती मात्र त्याच वर्षीं त्याच न्यायासनानें समुद्राची आपत्ति मानली! तो वाद विम्याचा नसून मालवाहतुकीच्या कराराचा होता, हें खरें.

पुढें विमापत्रांत 'इंचमरी कलम' आलें व गुप्त दोषामुळें झालेलें नुकसान विम्यांत धरलें जाऊं लागलें; मालकानें योग्य दक्षता घेतलेली असावी, एवढी अट. तरी वाद मिटला नाहीं. १९११ सालीं निकाल लागलेल्या एका प्रकरणांत बोटीच्या पिछाडीची लोखंडी चौकट ओततांनाच सदोष झाली होती आणि तो दोष बुजवून लपविलेला होता. विम्याच्या मुदतींत वरचा भाग झिजून तो उघडा पडला. न्यायालयाचें म्हणणें असें कीं, दोषानें दुसरें कांहीं मोडलें नाहीं, दोषच काय तो दिसूं लागला. सबब विमेवाल्यांकडे कांहीं निघत नाहीं. नव्या चौकटीचा खर्च निरपराध मालकावरच पडला.

कौटिल्याच्या वचनांतून हाच निर्णय काढावा असें कोणास वाटेल. आम्हांस तें मान्य नाहीं. 'असंस्कृता' हा शब्द न केलेल्या कर्माचा वाचक आहे, न दिसलेल्या दोषाचा नव्हे. आणि जें दिसलेंच नाहीं त्याचा संस्कार नावध्यक्षानें करावा कसा?