शेठ जमनालाल बजाज : प्रपंचातला परमार्थ



दिंडीच्या शंभरीच्या पुस्तकात एका शेठजीचं चरित्र कशाला, असं कुणी म्हणंल. त्याचं कारण आधी सांगतो. आषाढीला ज्यांना मोठ्या पंढरीला जाणं जमत नाही ते वाळूजजवळच्या छोट्या पंढरपूरला जातात. तिथून जवळच बजाजनगर. 1985 साली वाळूजला बजाजचा गाड्यांचा कारखाना सुरू झाला आणि पुढं आपल्या भागातली पुष्कळ पोरं त्या बाजूच्या कंपन्यांत कामाला लागली. घरात मोठं आजारपण निघालं की संभाजीनगरच्या कमलनयन बजाज हॉस्पिटलचं नाव निघतं. नाव असं रोजचं झालं, पण त्या नावाचा मूळपुरुष कोण हे थोड्यांनाच ठाऊक. त्यांचं नाव जमनालालजी. ते वारकरी नव्हते, मारवाडी वैष्णव घराण्यातले होते. पण प्रपंच करून परमार्थ कसा साधावा हे आपण कीर्तनात सांगतो, ते त्यांनी करून दाखवलं.

जमनालालजींचा जन्म 4 नोव्हेंबर 1889 चा. राजस्थानात सीकरजवळ काशी का बास नावाचं गाव आहे, तिथं. वडील कनीराम, आई बिरदीबाई. घरची गरिबी. वर्ध्याचे मोठे व्यापारी शेठ बच्छराज त्यांच्याच नात्यागोत्यातले. त्यांचा मुलगा वारला होता, वंशाला दिवा नव्हता. त्यांनी या चार-पाच वर्षांच्या पोराला नातू म्हणून दत्तक घेतलं. आईबापानं पोराच्या बदल्यात पैसा घेतला नाही, गावाला पाणी नव्हतं म्हणून विहीर मागितली, असं सांगतात. आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला या मागण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

वर्ध्यात मराठी शाळेत ते चौथीपर्यंत शिकले. माझंही शिक्षण तेवढंच, म्हणून मला त्यांचं जास्त कौतुक वाटतं. आजोबा रोज एक रुपया खर्चाला द्यायचे. तो साठवून त्यातले शंभर रुपये त्यांनी नागपूरच्या हिंदी केसरीला दिले. पुढं त्यांनी लाखांनी दान केलं, पण त्या शंभरातला आनंद पुन्हा आला नाही असं ते म्हणत.

सतरा-अठरा वर्षांचे असतानाची गोष्ट. लग्नाला जायचं होतं. आजोबा म्हणाले, हिरेमोती घाल. हे नको म्हणाले. म्हातारा संतापला आणि दत्तकपणावरून, इस्टेटीवरून नको ते बोलला. पोरानं घर सोडलं आणि चिठ्ठी लिहून पाठवली : तुमच्या संपत्तीवर माझा काही हक्क नाही, एक पैसाही नको, तुमच्याबद्दल मनात राग नाही. आजोबांचं काळीज हललं. माणसं पाठवून नातवाला परत आणलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, 1907 साली, बच्छराजजी वारले आणि सगळा कारभार याच पोराच्या अंगावर पडला. ज्यानं धन आधीच मनातून सोडलं त्याच्याच हातात ते आलं. मग त्यांनी ते आपलं म्हणून वापरलं नाही, ठेव म्हणून सांभाळलं.

व्यापार मुख्य कापसाचा. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारायची चाल त्या काळीही होती. जमनालालजींनी आपल्या गाठींना पाण्याचा थेंब लागू दिला नाही. सुरुवातीला तोटा वाटला, पण पुढं त्यांच्या गाठींवर गिऱ्हाइकाचा भरवसा बसला आणि भावही चांगला मिळू लागला. 1926 साली त्यांच्या उद्योगाची रीतसर उभारणी झाली, तेच आजचं बजाज घराणं. 1931 साली उत्तर प्रदेशात गोला गोकर्णनाथला साखर कारखाना निघाला. तुकोबारायही दुकानदाराच्याच घरातले. त्यांनी धन मिळवायला नको म्हटलं नाही. वाट सरळ असावी आणि मन त्यात गुंतू नये, एवढंच त्यांचं सांगणं. ते इथं दिसतं.

1920 साली नागपूरच्या काँग्रेसच्या वेळी त्यांनी महात्मा गांधींना सांगितलं, मला तुमचा पाचवा मुलगा करून घ्या. लोक श्रीमंताला बाप करतात, इथं श्रीमंतानं फकीर बाप पत्करला. सरकारनं दिलेली रायबहादूर पदवी त्यांनी परत केली आणि 1923 च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात तुरुंगात गेले. पत्नी जानकीदेवींनी पडदा सोडला, सोनं उतरवलं. थोरली मुलगी कमला हिचं लग्न 1926 साली साबरमती आश्रमात साधेपणानं केलं. आजकाल लग्नासाठी वावर विकणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात घ्यावं.

वर्ध्याजवळचं शेगाव त्यांच्या मालगुजारीत होतं. 1936 साली गांधीजी तिथं राहायला आले. पण पत्रं जायची गजानन महाराजांच्या शेगावला! म्हणून 1940 साली गावाचं नाव सेवाग्राम झालं.

आता मुख्य गोष्ट. वर्ध्यात बजाज घराण्याचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे. 1928 च्या जुलै महिन्यात जमनालालजींनी ते अस्पृश्य म्हणवल्या जाणाऱ्या सगळ्यांना उघडं केलं. आपल्या विहिरीही मोकळ्या केल्या. त्यांच्याच समाजातली माणसं उलटली, बहिष्काराची भाषा झाली. ते मागं हटले नाहीत. देऊळ त्यांच्या घराण्याचं होतं, अब्रू त्यांची होती, सोयरीक त्यांची होती. दुसऱ्याचं दार उघडा म्हणणं सोपं असतं. त्यांनी आपलं उघडलं.

त्याच काळात आपल्या पंढरीत काय होतं? चोखोबारायांची समाधी महाद्वाराबाहेर, आणि त्यांच्या समाजाची वारीही तिथंच थांबायची. म्हणजे वर्ध्याचं दार उघडलं आणि पांडुरंगाचं बंद, अशी अवस्था. पण देवाची योजना बघा. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजींनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचनं केली. ऐकायला जमनालालजी होते आणि लिहून घेणारे होते साने गुरुजी. त्याच साने गुरुजींनी 1 ते 10 मे 1947 या दिवसांत पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं आणि विठोबाचं देऊळ सगळ्या लेकरांना खुलं झालं. वर्ध्यानंतर एकोणीस वर्षांनी. ते बघायला जमनालालजी नव्हते.

शेवटी शेवटी त्यांनी राजकारण कमी केलं आणि गायीची सेवा धरली. वर्ध्याला गोपुरीत झोपडीत राहिले. 11 फेब्रुवारी 1942 ला देह ठेवला, वय अवघं बावन्न. जानकीदेवींनी आपली मालमत्ता गोसेवेला दिली आणि पुढं विनोबांच्या भूदानात पायी फिरल्या. गोपुरीत आज गीताई मंदिर आहे. त्यांचे चिरंजीव कमलनयन यांची ती कल्पना, 1980 साली पुरी झाली. तिथं मूर्ती नाही, दगडांवर विनोबांची गीताई कोरलेली आहे. वर्ध्याकडं गेलात तर जरूर बघा.

मंडळी, दिंडीत आपण एका पंगतीला बसतो, एकमेकांच्या पाया पडतो, तिथं जात विचारत नाही. ही आपल्या वाडवडलांची कमाई. पण गावात परतल्यावर काय? कुणाच्या दारात चहाचा कप वेगळा राहतो का, सप्त्याच्या स्वयंपाकाला सगळ्यांचे हात लागतात का, वीणा कुणाच्या हाती देतो? प्रत्येक घरानं, प्रत्येक फडानं हे आपलं आपण तपासावं. आपल्याकडं कारखाने नाहीत, लक्ष्मीनारायणाचं देऊळ नाही. पण एक दार प्रत्येकाकडं आहे. पहिल्या शंभर वर्षांत दिंडी पंढरीपर्यंत पोचली. दुसऱ्या शंभरात ती गावातल्या शेवटच्या घरापर्यंत पोचावी, एवढंच पांडुरंगाकडं मागणं.

रामकृष्णहरी.