गिअरबॉक्समधलं लाल तेल: देवमाशापासून ‘लाइफटाइम’पर्यंत

ऑटोमॅटिक गाडी घेताना एक वाक्य हमखास कानावर पडतं, ‘याच्या गिअरबॉक्सचं ऑइल लाइफटाइम आहे, बदलायची गरज नाही.’ ऐकायला बरं वाटतं, खर्च वाचला असंही वाटतं. पण हे लाइफटाइम कुणाचं? गाडीचं, गिअरबॉक्सचं, की वॉरंटीचं? याचं उत्तर या तेलाच्या इतिहासात सापडतं, म्हणून आजचा भाग त्यावर.

गोष्ट अमेरिकेतली आहे. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये, १९४० च्या मॉडेलसाठी, ओल्ड्समोबिल गाडीत ‘हायड्रा-मॅटिक’ गिअरबॉक्स आणला. चार गिअर, आणि क्लचचं पेडलच नाही. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाने भरलेली एक कपलिंग. समोरासमोर दोन पंखे ठेवलेत असं समजा. एक फिरला की त्याने ढकललेल्या तेलाने दुसरा फिरतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिनं आणि त्यांना जोडलेले हायड्रा-मॅटिकच होते. युद्धानंतर लोकांचा या गिअरबॉक्सवर विश्वास बसला, त्यात या रणगाड्यांचाही वाटा होता.

आता हे तेल काय काय करतं बघा. ते शक्ती पोचवतं, दाब देऊन आतले क्लच आवळतं, उष्णता वाहून नेतं आणि गिअरना वंगण देतं. सगळ्यात अवघड काम पुढचंच. क्लचच्या चकत्या याच तेलात बुडालेल्या असतात. त्या घट्ट धरल्या पाहिजेत, पण धरताना हिसका बसता कामा नये. म्हणजे घसरणं आणि पकडणं यांचा नेमका तोल तेलानेच सांभाळायचा. त्यामुळे याला नुसतं वंगण समजू नका. तो गिअरबॉक्सचा एक सुटा भागच आहे, फक्त पातळ.

म्हणूनच १९४९ मध्ये जनरल मोटर्सने या तेलाचं ‘टाइप ए’ नावाचं प्रमाण ठरवलं. तेलाला लाल रंग दिला जाऊ लागला, त्यामुळे गाडीखाली डाग दिसला तर गळती इंजिनची की गिअरबॉक्सची हे ओळखणं सोपं झालं. पुढे १९६७ च्या सुमारास ‘डेक्सरॉन’ आलं. त्याच काळात फोर्डचं ‘टाइप एफ’ वेगळ्या स्वभावाचं होतं. त्यात घर्षण मवाळ करणारे घटक नव्हते. दिसायला दोन्ही लालच, पण एकाच्या जागी दुसरं ओतलं तर गिअरबॉक्स एक तर हिसके देणार, नाही तर घसरणार.

आणि हे मवाळ करणारे घटक यायचे कुठून? तर चक्क समुद्रातून! स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचं तेल रसायनाच्या भाषेत द्रवरूप मेण असतं. ते उष्णतेत टिकतं आणि धातूवर पातळ, चिवट थर धरतं. अमेरिकी गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये वर्षानुवर्षं त्याचा अंश होता. बहुतेक गाडीवाल्यांना याचा पत्ताही नसेल.

१९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि हे तेल बाजारातून हटत गेलं. निर्णय योग्यच होता. पण पर्याय शोधताना दमछाक झाली. डेक्सरॉन-२ च्या सुरुवातीच्या तेलात नवे घटक आले, आणि त्यांनी तेल थंड करणाऱ्या कूलरचे सांधे खायला सुरुवात केली. हा कूलर रेडिएटरच्या आतच बसवलेला. सांधा फुटला की कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरणार आणि क्लचच्या चकत्यांचं अस्तर सुटणार. मग गंजरोधक घटक घालून तेल सुधारावं लागलं. तेलातली एखादी गोष्ट बदलली तर यंत्र आतून कसं खचतं, हे तेव्हा महागात पडून कळलं.

त्या जुन्या गाड्यांचं एक बरं होतं. पातळी बघायला डिपस्टिक होती. सुरुवातीच्या हायड्रा-मॅटिकमध्ये खालचं चेंबर आणि पुढची कपलिंग, दोन्हीकडून तेल काढायची सोय होती. पुढे बऱ्याच गाड्यांतून टॉर्क कन्व्हर्टरचा ड्रेन प्लग गेला, मग डिपस्टिकही गेली. १९९० च्या दशकापासून काही कंपन्या ‘लाइफटाइम’ म्हणू लागल्या. तेलं खरोखरच सुधारली होती, हे मान्य. पण क्लचच्या अस्तराची झीज काही थांबली नव्हती. ती बारीक पूड तेलात मिसळते, लोखंडाचा कीस चेंबरमधल्या चुंबकाला चिकटतो, बाकीचा गाळ फिल्टरमध्ये बसतो. फिल्टर तुंबला की पंपाला तेल कमी पडतं, दाब उतरतो आणि क्लच घसरून जळतात.

गंमत म्हणजे, अनेक युरोपीय गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मन कंपनी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदला असं सांगते. तिच्या सहा आणि आठ गिअरच्या अनेक गिअरबॉक्समध्ये फिल्टर प्लास्टिकच्या चेंबरमध्येच बसवलेला असतो, म्हणजे फिल्टरसाठी आख्खं चेंबरच बदलायचं.

आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओ आली आणि ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द मध्यमवर्गीय घरात पोचला. पण ती एएमटी, म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्स. टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी आणि ड्युअल क्लच, प्रत्येकाचं तेल वेगळं. तेव्हा रंग बघून नको, मॅन्युअलमधलं प्रमाण बघूनच तेल घ्या. त्याच मॅन्युअलमध्ये खडतर वापराचं वेगळं वेळापत्रक असेल तर तेही वाचा, कारण पुण्या-मुंबईची रोजची कोंडी आणि वर घाट हा खडतर वापरच. नुसतं चेंबर उतरवून सगळं तेल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं, हेही मेकॅनिकशी आधी बोलून घ्या.

‘जुन्या गाडीचं तेल बदललं की गिअरबॉक्स जातो’ हेही ऐकलं असेल. बहुतेक वेळा तो आधीच गेलेला असतो. चकत्या झिजून गाडी घसरायला लागल्यावर लोक तेल बदलायला धावतात, आणि खापर फुटतं नव्या तेलावर. वेळ निघून जायच्या आत बदललेलं तेलच उपयोगी पडतं.

पुढच्या भागात भेटू. तोवर गाडीचं मॅन्युअल एकदा उघडा.